मदत हवी आहे: डेंटल हायजिनिस्टच्या मागणीचं निवेदन आमदारांना द्यावं की खासदारांना?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात डेंटल हायजिनिस्ट आहे. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात आमचं काम एवढंच: दात खरवडून साफ करणं, पॉलिश करणं, निगा कशी राखायची ते शिकवणं. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आता गगनबावडा, शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवर रोज डॉक्टर कुठून आणायचे? बायका मशेरी लावतात, पोरांच्या दाढा किडतात, आणि ठणका असह्य झाल्याशिवाय कुणी शहर गाठत नाही. झेडपीच्या शाळेत, अंगणवाडीत आम्हाला स्वतःहून फ्लोराइड व्हार्निश (दात किडू नयेत म्हणून लावायचा लेप) लावता आलं, तोंडात कॅन्सरची पूर्वखूण असू शकणारा पांढरा चट्टा दिसला की पेशंट पुढे पाठवता आला, तरी खूप होईल. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने हायजिनिस्टना १९८७ पासूनच स्वतंत्र काम करू दिलंय.

२०२३ मध्ये संसदेने १९४८ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. पण वैद्यकीय व्यवसाय हा विषय समवर्ती सूचीत येतो, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही त्यावर कायदा करू शकतात. मग दुरुस्ती मागायची कुणाकडे? आमदारांकरवी विधानसभेत लक्षवेधी सूचना लावणं बरं, की खासदारांकडून अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं)? असा मसुदा कुणी लिहिलाय का? वकील मंडळींनी जरूर सांगा. डेंटिस्टांचा विरोध असेल तर तोही कारणांसकट इथेच लिहा, निवेदनात त्याचं उत्तर द्यायचं आहे.