शेतात डिटेक्टरला झाडाचं चित्र आणि 1652 असलेलं चांदीचं नाणं लागलं, पुढे काय करू?

खणाखणी

नमस्कार मंडळी, मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो आणि मला मेटल डिटेक्टिंगचा भयंकर नाद आहे. ओळखीच्या एका आजोबांचं जुनं शेत आहे, त्यांना विचारूनच जातो. शेताला दगडी कुंपण आहे आणि त्याच्या पलीकडे झाडीत कुठल्यातरी जुन्या घराच्या तळघराचा खड्डा आहे. आत्तापर्यंत तिथे मस्केटच्या शिशाच्या गोळ्या, चपटी बटणं आणि झिजून गुळगुळीत झालेली जॉर्ज राजाची तांब्याची हाफपेनी एवढंच मिळालं होतं.

परवा कुंपणाच्या आतल्या बाजूला सिग्नल आला, फार मोठा नाही पण दोन्ही दिशेने कॉइल फिरवली तरी एकसारखा, म्हणून खणलं तर पातळ पांढरी कड दिसली आणि माझा श्वासच अडकला. एका बाजूला मधोमध पाइनसारखं झाड, भोवती मण्यांची रिंग आणि अक्षरं, दुसऱ्या बाजूला मधे 1652 आणि त्याखाली रोमन बारा, भोवती न्यू इंग्लंड असं बऱ्यापैकी वाचता येतंय. वजन 4.41 ग्रॅम, रुंदी साधारण 25 मिलिमीटर. दोन ठिकाणी जरासं वाकलंय.

मी वाचलं होतं की हे पाइन ट्री शिलिंग असतं, पण याच्या नकला पण ढिगाने आहेत म्हणे. तर खरं आहे का हे घरी कसं बघू? माती निघत नाहीये, साफ करू का? वाकलेलं सरळ करून घेऊ का? आणि आजोबांना काय सांगायचं, त्यांनी तर "जे मिळेल ते तुझं" असं तोंडीच म्हटलंय.

तांबडी_माती

आधी मनापासून अभिनंदन!! किती लोक आयुष्यभर फिरतात आणि त्यांना हे झाड दिसत नाही.

आता हात आवरा. घासू नका, टूथब्रश नको, टूथपेस्ट नको, बेकिंग सोडा आणि फॉइलवाला यूट्यूबचा प्रकार तर अजिबात नको. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, माती आपोआप सुटेल तेवढीच सुटू दे, मग मऊ कपड्यावर ठेवून टिपून घ्या, पुसू नका. जमिनीतून निघालेल्या चांदीवर मातीचे बारीक कण असतात, बोटाने चोळलं तरी ओरखडे उठतात आणि ते कायमचे. ग्रेडिंगवाले, म्हणजे नाणं अस्सल आहे का आणि कुठल्या अवस्थेत आहे हे तपासून देणारे, असं नाणं "क्लीन्ड" म्हणून परत पाठवतात आणि किंमत तिथेच पडते. ठेवताना मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, कालांतराने हिरवा चिकट थर येतो, मायलरचं पाकीट घ्या.

आणि सरळ तर मुळीच करू नका, जुनी चांदी ठिसूळ झालेली असते, मोडेल. शिवाय दोन ठिकाणी वाकवलेल्या या शिलिंगांना कलेक्टर लोक "विच पीस" म्हणतात, सेलमच्या 1692 च्या चेटकिणींच्या खटल्यांच्या काळात वाकवलेलं नाणं जवळ ठेवलं की चेटूक बाधत नाही अशी समजूत होती असं सांगतात. तुमचं त्यातलंच आहे असं मी म्हणत नाही, नांगरानेही वाकू शकतं, पण तो बाक आता त्या नाण्याचाच भाग आहे, राहू दे.

हल_आणि_सँडरसन

माझा हा आवडता विषय आहे त्यामुळे जरा लांब लिहितो.

पहिली गोष्ट, 1652 बघून ते 1652 सालचं आहे असं धरू नका. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीच्या जनरल कोर्टाने 1652 मध्ये बोस्टनला टांकसाळ काढायला परवानगी दिली, जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन या दोघांनी ती चालवली. सुरुवातीची नाणी अगदी साधी होती, एका बाजूला नुसतं एनई (न्यू इंग्लंड) आणि दुसऱ्या बाजूला किमतीचा आकडा, बाकी सगळं कोरं. झालं, लोक कड कातरून चांदी काढून घ्यायला लागले, म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ठरलं की कडेने रिंग आणि अक्षरं हवीत, मधे झाड हवं. आधी विलो, मग ओक, आणि 1667 पासून 1682 पर्यंत पाइन. साल मात्र सगळ्यांवर 1652, अपवाद फक्त ओकच्या टूपेन्सचा, म्हणजे दोन पेनीच्या नाण्याचा, त्यावर 1662 आहे. का, याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर असं की 1649 ते 1660 इंग्लंडात राजाच नव्हता, नंतर राजा परत आल्यावर वसाहतीने परवानगीशिवाय नाणी पाडणं अडचणीचं झालं, तर जुनंच साल ठेवलेलं बरं. दुसरं मत सरळ आहे, ते साल म्हणजे कायद्याचं साल, बस. मला स्वतःला दुसरं जास्त पटतं, कारण टांकसाळ काही लपून चालत नव्हती आणि लंडनला ते माहीत होतं.

तुमचं 25 मिलिमीटरचं आहे म्हणजे लहान चकतीवालं, साधारण 1675 ते 1682 मधलं. 1667 ते 1674 ची चकती मोठी आणि पातळ असायची. वजन दोन्हींचं एकच ठरलेलं, 72 ग्रेन म्हणजे 4.67 ग्रॅम. तुमचं 4.41 म्हणजे झीज आणि थोडी कातर धरून एकदम ठीक. हे वजन इंग्लिश शिलिंगपेक्षा मुद्दाम साडेबावीस टक्के कमी ठेवलं होतं, चांदी वसाहतीतच राहावी म्हणून. आणि ही चांदी मूळची कुठली, तर वेस्ट इंडीजच्या व्यापारातून येणारी स्पॅनिश नाणी, ती वितळवून स्टर्लिंग करायचे. म्हणजे तुमच्या हातातला धातू कदाचित दक्षिण अमेरिकेतल्या खाणीतून निघालाय, विचार करा!

आता खरं की नक्कल. हे घरी करा: 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात लटकवा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. स्टर्लिंग चांदी असेल तर उत्तर 10.3 च्या आसपास येतं, म्हणजे तुमच्या नाण्याला काट्यावर 0.43 दिसायला हवं. कथलाची सुव्हेनियर नक्कल असेल तर 0.60 च्या जवळ येईल. मग भिंगाखाली बघा, ओतीव नकलेला पृष्ठभागावर बारीक फोड आणि कडेला जोड दिसतो.

पण चांदी निघाली म्हणून संपलं असं नाही. 1856 मध्ये न्यूयॉर्कच्या थॉमस वायट नावाच्या माणसाने या मॅसॅच्युसेट्स नाण्यांच्या नकला साचे करून, ठोकून काढल्या, त्या चांदीच्याच आहेत. नकलांवर "कॉपी" असं छापायची सक्ती 1973 च्या कायद्याने आली, त्याआधीच्यांवर काहीच नाही, आणि अशा नकलाही लोकांच्या खिशातून शेतात पडल्या आहेतच. त्यामुळे जमिनीतून निघालं हा पुरावा धरू नका. शेवटचा निकाल साच्याच्या जुळणीवर लागतो, सिडनी नो या अभ्यासकाच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक साच्याला नंबर आहे. झाडाच्या फांद्या, मुळं आणि कुठलं अक्षर कुठल्या फांदीसमोर येतं एवढं दिसेल असे दोन्ही बाजूंचे फोटो टाका, शोधू आपण.

नकाशावाली

जमिनीचं मी बोलते. खाजगी शेत आहे आणि मालकाची परवानगी आहे हे उत्तमच, पण तोंडी नको. नाणं घेऊन जा, आजोबांच्या हातात द्या, ते काय आहे आणि किती किमतीचं असू शकतं हे स्पष्ट सांगा आणि मग जे ठरेल ते कागदावर दोघांच्या सहीने. "जे मिळेल ते तुझं" हे त्यांनी बटणं बघून म्हटलंय, शिलिंग बघून नाही. वारसांशी नंतर वाद होण्यापेक्षा आत्ता अर्धा तास बसलेलं बरं.

बाकी वाचणाऱ्यांसाठी, नॅशनल पार्कात, म्हणजे आपल्याकडचं कॉन्कॉर्डजवळचं मिनिट मॅन धरून, डिटेक्टर वापरणंच काय, वापरायला तयार अवस्थेत जवळ बाळगणंही चालत नाही. फेडरल जमिनीवरच्या शंभर वर्षांवरच्या पुरातत्त्वीय वस्तूंना 1979 चा कायदा लागतो. राज्याच्या आणि गावाच्या जागांचे नियम वेगळे, आधी विचारायचं.

आणि त्या तळघराच्या खड्ड्यात खणू नका, प्लीज. बाहेर नांगरलेल्या मातीत वस्तू आधीच हललेल्या असतात, पण खड्ड्यात थर जागेवर असतात आणि घर कधीचं हे त्या थरांवरूनच कळतं. एका नाण्यावरून घराचा काळ ठरत नाही, ही शिलिंगं टांकसाळ बंद झाल्यावरही कितीतरी वर्षं चलनात होती. पण 1675 मध्ये मूळनिवासी आणि वसाहतवाले यांच्यातलं किंग फिलिपचं युद्ध सुरू झालं आणि इथली कितीतरी गावं जळाली, त्या काळातली वस्ती असेल तर ती नोंदवायलाच हवी. नाणं सापडलं ती जागा, खोली, सोबत काय निघालं हे लिहून मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल कमिशनमध्ये स्टेट आर्किऑलॉजिस्टना कळवा, पण आजोबांना विचारून, जमीन त्यांची आहे.

खणाखणी

सगळ्यांचे खूप खूप आभार. पाण्याचा प्रयोग केला, 0.43 आलं!! तीनदा करून बघितलं, एकदा 0.42 आलं. भिंगाखाली फोड नाहीत, जोड नाही. फोटो संध्याकाळी टाकतो. आजोबांकडे पण जाऊन आलो, ते बराच वेळ नाणं हातात धरून बसले होते. विकलं तर निम्मं निम्मं असं ठरलं आणि मुलीसमोर सही केली. खड्ड्याकडे जाणार नाही, कमिशनला कळवायला ते हो म्हणालेत. आता एकच, ग्रेडिंगला पाठवू का? आणि बातम्यांमध्ये लाखो डॉलर्स वाचतो ते याचं का?

हल_आणि_सँडरसन

0.43 म्हणजे मस्तच! बातम्यांमधली ती एनईवाली, पहिल्या काही महिन्यांतली. 2021 मध्ये इंग्लंडात जुन्या मिठाईच्या डब्यात मिळालेलं एनई शिलिंग साडेतीन लाख डॉलर्सच्या वर गेलं आणि 2024 मध्ये एनई थ्रीपेन्स तर 25 लाख 20 हजाराला. पाइन ट्री त्यामानाने बरीच शिल्लक आहेत, चांगल्या अवस्थेत काही हजार डॉलर्स मिळतात, बाक आणि मातीचे डाग असतील तर कमी. तरीपण पाठवा, पीसीजीएस किंवा एनजीसी, या दोन्ही ग्रेडिंग कंपन्या चालतील. "डिटेल्स" (अस्सल, पण नुकसान झालेलं) असा शेरा येईल बहुतेक, त्याने नाराज होऊ नका, अस्सल म्हणून शिक्का मिळणं महत्त्वाचं. विमा करून पाठवा आणि पाठवायच्या आधी फोटो इथे नक्की टाका, नो नंबर मला आजच शोधायचाय.