संगणकावरची कोडी आणि पटावरचे खेळ : तुमचे अनुभव सांगा

घरी पहिला संगणक आला तेव्हा मी त्यावर सगळ्यात आधी पत्ते लावले. माउस कसा धरायचा हे कुणी शिकवलं नव्हतं. काळ्या दश्शीवर लाल नव्वी नेऊन सोडायची, एवढ्यावरच हात बसला. १९९० साली विंडोज ३.० बरोबर आलेला तो सॉलिटेअर वेस चेरी नावाच्या एका प्रशिक्षणार्थीनं लिहिला होता आणि त्या पत्त्यांची चित्रं सुझन केअर यांनी काढली होती, हे फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा ओळखीच्या माणसांची नावं पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं.

पण हा धागा काढतेय तो खेळांच्या संचांसाठी. एकदा उतरवून घेतलं की डझनावारी कोडी हाताशी येतात, तसे संच. माझा जीव जडलाय तो सायमन टॅथम या प्रोग्रामरच्या 'पोर्टेबल पझल कलेक्शन'वर. २००४ पासून ते एकेक कोडं त्यात घालत आलेत, आता चाळीसच्या आसपास झाली आहेत. फुकट आहे, मूळ कोडसुद्धा खुला आहे. जाहिरात नाही, 'आज खेळला नाहीत' अशी आठवण नाही, नाणी-हिरे नाहीत. प्रत्येक कोडं तुम्ही मागाल तेव्हा नव्यानं तयार होतं.

त्यातलं 'लूपी' मी गेली कित्येक वर्षं खेळतेय. ठिपक्यांची जाळी असते, काही चौकोनांत आकडे असतात. आकडा सांगतो की त्या चौकोनाच्या किती बाजूंवरून रेघ जाते. सगळ्या रेघा मिळून एकच बंद वळसा व्हायला हवा. ३ हा आकडा असलेले दोन चौकोन शेजारी-शेजारी आले की त्यांच्या मधली रेघ पक्की असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी ते दिसलं आणि मी कागद घेऊन बसले. समजा मधली रेघ नाही. मग दोन्ही चौकोनांच्या उरलेल्या तिन्ही बाजू भराव्या लागतात आणि सहा रेघांचा चिमुकला वळसा तिथल्या तिथे बंद होतो, बाकीच्या आकड्यांना काही उरतच नाही. म्हणून रेघ हवीच. तो कागद मी जपून ठेवलाय.

तुम्हाला कुठल्या खेळानं धरून ठेवलं? कशामुळे? सविस्तर लिहा.

*

सुरुंगांच्या खेळावर, म्हणजे माइनस्वीपरवर, माझा बरीच वर्षं राग होता. घर उघडलं की भोवतीच्या घरांत किती सुरुंग आहेत तो आकडा दिसतो, त्यावरून सुरुंग टाळत जायचं. सगळ्यात अवघड पातळी : १६ ओळी, ३० स्तंभ, ९९ सुरुंग. अर्धा तास डोकं लावून शेवटी कोपऱ्यात दोन घरं उरायची. एकात सुरुंग, एकात नाही, आणि कुठल्या ते ठरवायला पटावर एकही खूण नाही. नाणं उडवल्यासारखं एक दाबायचं. हरलो की आधीचा सगळा विचार पाण्यात.

तरी खेळत राहिलो, कारण मधला भाग सुंदर असतो. बंद घरांच्या सरळ कडेला १-२-१ असे आकडे ओळीनं दिसले की दोन्ही एकांच्या समोर सुरुंग आणि दोनाच्या समोरचं घर मोकळं. १-२-२-१ दिसले की सुरुंग दोन्ही दोनांच्या समोर. पहिल्यांदा हे बोट ठेवून मोजावं लागतं. मग एक दिवस असा येतो की मोजायच्या आधीच हात तिकडे जातो.

वर ज्या संचाचा उल्लेख आलाय त्यातला 'माइन्स' मिळाला आणि माझा राग संपला. तुम्ही पहिली टिचकी मारल्यावरच पट ठरतो, आणि तो अंदाज न लावता सुटेल असाच असतो. प्रोग्राम तो पट आधी स्वतः सोडवून पाहतो, अडला तर काही सुरुंग इकडेतिकडे सरकवतो आणि पुन्हा पाहतो. त्यामुळे अडलो तर मला ठाऊक असतं की उत्तर समोरच आहे, फक्त माझ्या नजरेला आलेलं नाही. पूर्वी दहा मिनिटं अडलो की उठून जायचो. आता अर्धा तास शांत बसून राहतो.

*

माझं फ्रीसेल. वडिलांनी दाखवलं. या डावात सगळे ५२ पत्ते उघडे असतात, दडलेलं काहीच नाही. चार मोकळ्या जागा मिळतात, त्या कशा वापरता यावर सगळं. पॉल अल्फिल यांनी १९७८ साली 'प्लेटो' नावाच्या संगणक यंत्रणेवर तो पहिल्यांदा आणला.

विंडोजवरच्या जुन्या फ्रीसेलमध्ये ३२,००० डाव होते, प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक. मदतीच्या पानावर लिहिलं होतं की प्रत्येक डाव जिंकता येतो असं मानलं जातं, पण ते सिद्ध झालेलं नाही. त्या वाक्यानं वडिलांना पछाडलं होतं. त्यांनी क्रमांक १ पासून सुरुवात केली, एका वहीत सुटलेल्या डावापुढे बरोबरची खूण करायचे.

१९९४ साली डेव्ह रिंग यांनी हेच काम शंभरावर स्वयंसेवकांत वाटून दिलं होतं. प्रत्येकानं आपल्या वाट्याचे डाव सोडवायचे, न सुटलेला पुढच्याकडे द्यायचा. शेवटी एकच उरला : ११९८२. तो कुणालाच सुटला नाही, आणि नंतर संगणकानंही सगळ्या वाटा तपासून तो सुटत नाही हेच दाखवलं. ३२,००० मध्ये एक.

वडिलांना हे मी सांगितलं तेव्हा ते सातशेच्या आसपास होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर वहीच्या शेवटच्या पानावर ११९८२ लिहून त्याभोवती चौकट काढलेली. त्यानंतर अडले की म्हणायचे, "हा तो नाही. म्हणजे सुटणार." वही आता माझ्याकडे आहे. खुणा १,१४६ पर्यंत आहेत. पुढच्या मी करतेय.

*

माहजाँगच्या फरशा जुळवण्याबद्दल लिहितो. १४४ फरशांचा ढीग, वरची आणि बाजूनं मोकळी असलेली सारखी जोडी काढत जायची.

आईला पक्षाघात झाला, उजवा हात जवळजवळ गेला. घरी आल्यावर ती दिवसभर भिंतीकडे बघत पडून असायची. डाव्या हाताला काम हवं म्हणून मी तिच्यासमोर माउस ठेवला. पहिल्या दिवशी बाण फरशीवर थांबेचना. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं एक जोडी काढली आणि माझ्याकडे बघितलं. महिन्याभरात ती पूर्ण ढीग उपसायला लागली. अडली की मी मागून बोट दाखवायचो, ते तिला आवडत नसे. "मला दिसलंय, हात पोचू दे," म्हणायची.

तेव्हा मी त्या खेळाची माहिती काढली. संगणकावर तो पहिल्यांदा आणला ब्रोडी लॉकार्ड यांनी, १९८१ साली, वरच्या प्रतिसादात आलेल्या त्याच प्लेटो यंत्रणेवर. जिम्नॅस्टिक्स करताना झालेल्या अपघातानं त्यांना मानेखाली लुळेपणा आला होता. तोंडात काठी धरून त्यांनी तो प्रोग्राम लिहिला. पुढे १९८६ साली 'शांघाय' या नावानं तो घरोघरी पोचला. हे आईला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "तोंडात काठी धरून?" आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग नवीन डाव लावायला सांगितला.

*

वरचं वाचून डोळे भरून आले. आईंना नमस्कार सांगा.

*

मी प्रोग्रामिंग शिकत असताना सरावाला पंधराचं कोडं करायला घेतलं. ४×४ ची चौकट, १ ते १५ आकड्यांच्या चकत्या, एक घर रिकामं, सरकवत सरकवत ओळीनं लावायच्या. दोन दिवसांत तयार झालं. मैत्रिणीला खेळायला दिलं. तिचं १३ पर्यंत सगळं जागेवर आलं आणि शेवटी १५, १४ असे उलटे राहिले. पुन्हा मोडून लावलं, पुन्हा तेच. तिला वाटलं तिचंच चुकतंय. रात्री उशिरापर्यंत बसली होती बिचारी.

चूक माझी होती. मी आकडे यादृच्छिक विस्कटून चौकटीत टाकले होते, आणि अशा मांडण्यांपैकी बरोबर निम्म्या कधीच सुटत नाहीत. हे गणितानं १८७९ सालीच सिद्ध झालंय. समजायला सोपं आहे. रिकामं घर शेवटच्या कोपऱ्यात आणा. मग प्रत्येक चकतीच्या पुढे तिच्यापेक्षा लहान किती आकडे आहेत ते मोजून बेरीज करा. बेरीज सम आली तर सुटतं, विषम आली तर जन्मभर सरकवा, सुटणार नाही. १४ आणि १५ तेवढे उलटे असले की बेरीज येते एक. विषम.

उपाय दोन आहेत. एक, मांडणी द्यायच्या आधी ही बेरीज तपासायची. दुसरा, सुटलेल्या चौकटीपासून सुरू करून चकत्या सरकवूनच विस्कटायच्या, म्हणजे परतीची वाट असतेच. मी दुसरा केला. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सगळं सांगून माफी मागितली. तेव्हापासून कोडं देणाऱ्याची एक जबाबदारी असते असं मी मानते, आणि चांगले संच बनवणारी माणसं ती किती निगुतीनं पाळतात हे बघून आदर वाटतो.

*

थोडक्यात लिहितो. मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. रंग ओळखायचे खेळ माझ्यासाठी नाहीतच असं धरून चाललो होतो. टॅथम यांच्या संचात 'गेस' आहे, लपवलेल्या रंगांचा क्रम ओळखायचा. त्यात एल ही कळ दाबली की प्रत्येक रंगावर आकडा येतो. एवढंच. पण वयाच्या चाळिशीत हा खेळ पहिल्यांदा बरोबरीनं खेळलो.

सहा रंग, चार जागा असतील तर १,२९६ शक्यता होतात. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी १९७७ साली दाखवलंय की नीट खेळलं तर पाच अंदाजांत उत्तर हमखास सापडतं. माझे सहसा सहा होतात.

*

पटावरच्या खेळांविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मुलगा सात वर्षांचा असताना त्याला फोनवर बुद्धिबळ लावून दिलं. चूक झाली. एक तर ते अॅप दर डावानंतर जाहिरात दाखवायचं, आणि सोप्या पातळीवरसुद्धा संगणक असा खेळायचा की सतरा चाली उत्तम आणि अठराव्या चालीला उगाच वजीर देऊन टाकायचा. मुलगा चिडला. "तो मला मुद्दाम जिंकू देतो," म्हणाला. मुलांना हे लगेच कळतं.

मग अॅप काढून टाकलं आणि खुल्या स्रोताच्या खेळांचा संच संगणकावर घेतला. त्यात चार-एका-ओळीत होता, रिव्हर्सी होता, म्हणजे समोरच्याच्या सोंगट्या आपल्या दोन सोंगट्यांमध्ये पकडून उलटवायच्या आणि आपल्या करायच्या. रिव्हर्सी तर १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्येही होता. आम्ही नियम केला : संगणकाशी आपण दोघं एका बाजूनं खेळायचं, आणि प्रत्येक चालीआधी 'का' ते बोलायचं. चाल मागे घ्यायची मुभा आहे, पण मागे घेताना काय दिसलं ते सांगायचं. रिव्हर्सीत सुरुवातीला जास्तीत जास्त सोंगट्या उलटवायच्या मोहात तो पडायचा. चौथ्या-पाचव्या डावाला म्हणाला, "आई, कोपरा कधीच परत जात नाही." हे त्याचं त्यानं शोधलं होतं, मी तोंडाला कुलूप लावून बसले होते.

चेकर्स हा सोंगट्यांवरून उड्या मारायचा खेळ २००७ साली पूर्ण सुटला, म्हणजे जोनाथन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं की दोघांनीही न चुकता खेळलं तर बरोबरी होते. मुलाला हे सांगितल्यावर मला वाटलं आता तो खेळणं सोडेल. त्यानं विचारलं, "पण आपण चुकतो ना?" आणि पट मांडला.

*

पत्तेवाल्यांनी पायसॉल-एफसी हा संच जरूर बघावा. एकट्यानं लावायचे हजाराहून जास्त प्रकार एका जागी, नियमांसकट. मी दर रविवारी एक नवा उघडते. बरेचसे एकदाच खेळते, काही मुक्कामाला राहतात.

*

धागा काढणारीच पुन्हा. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. फ्रीसेलच्या वहीबद्दल वाचून मी काल ११९८२ लावून पाहिला. सुटणार नाही हे माहीत असूनही तासभर बसले.

आणि पंधराच्या कोड्याबद्दल वाचून आणखी एक आठवलं. त्याच संचातल्या 'पेग्ज'मध्ये ३३ घरांचा पट आहे, मधलं घर रिकामं, बाकी ३२ खुंट्या. उडी मारून पलीकडे जायचं, ओलांडलेली खुंटी काढायची. ३१ उड्यांनंतर एकच उरायला हवी, आणि तीही मधल्या घरात. हे होतं, हे सिद्ध आहे. उत्तर शोधलं तर मिळेल, पण मी बघितलेलं नाही आणि कृपया कुणी इथे लिहू नका. काल दोन उरल्या. एक मधल्या घराला लागून, एक अगदी वरच्या कडेला.