ड्युअल बूटवर एकच सिंक फोल्डर, डबल कॉप्या होताहेत, मदत हवी आहे
मंडळी, एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू (लिनक्स) आहे, क्लाउडचा सिंक फोल्डर वेगळ्या एनटीएफएस पार्टिशनवर (विंडोजच्या फाइल फॉरमॅटमधला डिस्कचा भाग, उबंटूलाही वाचता येतो) ठेवलाय, म्हणजे दोन्हीकडून तोच वापरता येईल, डाउनलोड दोनदा नको. पण ओएस बदलली की क्लायंट (सिंक करणारं ॲप) सगळं परत तपासत बसतो आणि कॉन्फ्लिक्ट कॉप्यांचा (फाइल दोन्हीकडे वेगळी बदललीय असं समजून बनवलेल्या जादा प्रती) ढीग लागतो. फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं ती सोय) बंद केलंय, नाहीतर उबंटूत पार्टिशन रीड-ओन्लीच माउंट व्हायचं, म्हणजे नुसतं वाचता यायचं, लिहिता नाही. घड्याळाचा घोळही मिटवला (विंडोज लोकल टाइम धरतं, उबंटू यूटीसी, साडेपाच तासांचा फरक!). दोन्हीकडच्या क्लायंटचा डेटाबेस (काय सिंक झालं याची नोंद) वेगळा असताना फोल्डर एकच ठेवणं मुळातच चूक आहे का? कोणी नीट चालवलंय का असं, की गपचूप दोन फोल्डर करू? एसएसडी २५६ जीबीचीच आहे हो, जिवावर येतंय.