किडनीच्या आजाराचं मॉडेल ९९% ॲक्युरसी देतंय, गावात वापरता येईल का?

वऱ्हाडी_कोडर
नमस्कार मंडळी, फायनल इयर कॉम्प्युटरला आहे आणि प्रोजेक्ट घेतलाय क्रॉनिक किडनी डिसीज (सीकेडी, किडनीचा जुनाट आजार) ओळखायचा. डेटा तोच यूसीआयच्या वेबसाइटवरचा, ४०० पेशंट, २४ कॉलम, तमिळनाडूतल्या कराईकुडीच्या हॉस्पिटलचा. रँडम फॉरेस्ट (डेटावरून शिकणारी एक पद्धत) लावलं तर ९९ टक्के येतंय, तसल्याच एक्सजीबूस्टला तर एकदा चक्क १०० आले. गाईड सर खूश, म्हणाले पेपर टाकून देऊ. पण माझं मन त्यात नाही. मामाचं गाव संग्रामपूर तालुक्यात आहे, खारपाणपट्टा, तिकडे बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही आणि कोणाची किडनी गेली म्हटलं तर लोकांना आता नवलही वाटत नाही. बहुतेकांना कळतं तेच डायरेक्ट डायलिसिस सांगतात तेव्हा. तर हे मॉडेल मोबाईल ॲपमध्ये टाकून आशाताईंकडे दिलं तर लोक आधीच पकडता येतील का? फील्डवर कोणी केलंय का असं काही?

फुकटचा_सल्ला
वायवापुरतं ९९ बास आहे भाऊ, एक्स्टर्नल चहा पिऊन निघून जातो. बाकी खालचे लोक सांगतील.

डेटाची_हमाली
तो डेटासेट मी आतून बाहेरून बघितलाय. क्लासच्या कॉलममध्ये तुला आधी दोनऐवजी तीन प्रकार दिसले असतील, कारण काही ओळींत सीकेडीच्या मागे टॅब चिकटलेला आहे, डायबिटीसच्या कॉलममध्ये पण तीच घाण. ते तू साफ केलं असशीलच. खरी भानगड पुढे आहे. नॉट सीकेडीवाले, म्हणजे आजार नसलेले १५० लोक वेगळे काढ आणि नीट बघ. एकाच्याही पुढे बीपीला येस नाही, डायबिटीसला येस नाही, पायाला सूज नाही, लघवीत अल्ब्युमिन (एक प्रोटीन) नाही, भूक सगळ्यांची चांगली. आणि समोरच्या २५० मधले बरेच जण हिमोग्लोबिन पार उतरलेले, युरिया वाढलेला. या दोन टोळ्या वेगळ्या करायला एक्सजीबूस्ट कशाला पाहिजे, हिमोग्लोबिन आणि लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (घनता) एवढे दोनच कॉलम घे आणि साधा डिसिजन ट्री (हो-नाही प्रश्नांची साखळी) लाव, तोही नव्वदच्या वर जातो, करून बघ.

दुसरं म्हणजे क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा) आणि अल्ब्युमिन तू इनपुटला दिलेत. आजार ठरतोच मुळात त्या दोन गोष्टींवरून, म्हणजे पेपरातच उत्तर छापून आलंय आणि आपण पोरगं हुशार म्हणतोय. शिवाय प्रत्येक पेशंटची एकच ओळ, पुढे त्याचं काय झालं ते कुठेच नाही, मग याला प्रेडिक्शन कसं म्हणायचं?

आता मामाच्या गावात काय होईल बघ. तिथे बीपी आहे शुगर आहे पण किडनी ठणठणीत असे ढीगभर लोक असणार, आणि तसा एकही माणूस तुझ्या मॉडेलने निरोगी म्हणून कधी पाहिलेलाच नाही. ते सगळे लाल दाखवणार. समजा मॉडेल खरंच चांगलं आहे, आजारी आणि निरोगी दोघांनाही शंभरात ९५ वेळा बरोबर ओळखतं, आणि १००० लोकांत ५० जणांना आजार आहे, तर ४७-४८ खरे सापडतील आणि तेवढेच निरोगी लोक उगाच घाबरतील. हे ९५ धरून, तुझ्या मॉडेलचं बाहेर किती होईल देव जाणे.

लॅबवाली_ताई
मी ग्रामीण रुग्णालयात लॅबला आहे, मॉडेलमधलं कळत नाही पण एक विचारते, हे २४ कॉलम गावात भरणार कोण? सोडियम पोटॅशियम, पीसीव्ही (रक्तातलं पेशींचं प्रमाण), सगळ्या पेशी, एवढं रक्त ज्याचं तपासून झालं तो माणूस आधीच दवाखान्यात पोचलेला असतो, त्याला ॲप काय नवीन सांगणार.

गावात होण्यासारखी गोष्ट म्हणजे लघवीची पट्टी, आणि त्यातही किती गमती. पट्टीच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की पावसाळ्यात सगळ्या पट्ट्या दमट होऊन बाद, रंग भलताच येतो. डबीवर लिहिलेलं असतं एवढ्या सेकंदाने वाचा, शिबिरात समोर रांग उभी असते तेव्हा कोणी कधी वाचतो कोणी कधी, आणि ट्रेस (अगदी किंचित) आणि एक प्लसमधला फरक मंडपाच्या निळ्या कापडाखाली तर अजिबात कळत नाही. ताप असेल, शेतात मरमर काम करून आलेला असेल तरी प्रोटीन दिसू शकतं. बाईची पाळी चालू असेल तर तो रिपोर्ट धरूच नका. म्हणून शक्यतो सकाळची पहिली लघवी घ्यावी, आणि पॉझिटिव्ह आली तर लगेच किडनी गेली असं सांगू नये, परत तपासावी. क्रिएटिनिनचं रक्त गावातून मोटारसायकलवर आमच्याकडे येईपर्यंत कधी कधी पेशी फुटून खराब झालेलं असतं ते वेगळंच. तुमच्या डेटात हे काहीच दिसत नसेल ना?

किडनी_ड्युटी
ताईंनी लाख बोललात. मी नेफ्रोलॉजीला रेसिडेंट आहे, नाइट ड्युटीत टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

क्रॉनिक म्हणायला बिघाड तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेला दिसावा लागतो. एक तर जीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते तो आकडा) ६० च्या खाली, नाहीतर लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ३० च्या वर. एका दिवसाच्या शिबिरात कोणाचंही क्रॉनिक सिद्ध होत नाही, तिथे फक्त संशयित मिळतात. दुसऱ्यांदा बोलावलं तर किती येतात यावर खरं सगळं अवलंबून आहे, रोजंदारी बुडवून कोण येतो.

नुसत्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर जाऊ नका. २५ वर्षांच्या पोराचं १.१ असेल तर २०२१ च्या सीकेडी-ईपीआय फॉर्म्युल्याने (क्रिएटिनिन, वय, लिंग यावरून जीएफआर काढतो तो) जीएफआर ९५ च्या आसपास येतो, आणि ६० वर्षांच्या बाईचं तेच १.१ असेल तर ५७ च्या आसपास. अनेक लॅबच्या कागदावर दोन्ही नॉर्मलच छापून येतं, खाली ठळक अक्षरही नाही. त्यात आपल्याकडची आजी ४० किलोची, अंगावर मांस नाही, क्रिएटिनिन स्नायूतून येतं त्यामुळे तिचं मुळातच कमी, म्हणजे फॉर्म्युलाही तिची किडनी आहे त्यापेक्षा चांगली दाखवतो. सिस्टॅटिन सी नावाच्या दुसऱ्या रक्ततपासणीला स्नायूंचा एवढा फरक पडत नाही पण ती टेस्ट महाग आणि सगळीकडे होत नाही. हे फॉर्म्युले बहुतेक बाहेरच्या लोकांवर बसवलेले आहेत, आपल्याकडे बसवायला फॉर्म्युल्याने काढलेला नाही, प्रत्यक्ष मोजलेला जीएफआर लागतो आणि तसा डेटा फार थोडा आहे. मॉडेलवाल्यांनी डोकं लावावं तर इथे.

आणि तुझ्या मामाच्या गावासाठी हे नीट वाच. जिथे कारण सापडत नाही असा एक किडनीचा आजार आहे, आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यातला उद्दानम भाग, श्रीलंकेत उत्तर-मध्य प्रांतातले भातशेतकरी, निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमधले ऊसतोड कामगार. पेशंट कोण, तर बीपी नाही शुगर नाही असा कामाला वाघ माणूस, कधी कधी तिशीतला. यात बिघाड किडनीच्या नलिकांच्या बाजूला असतो म्हणून लघवीत प्रोटीन बराच काळ येतच नाही, आलं तरी थोडं. म्हणजे तिथे पट्टी निगेटिव्ह येते आणि माणूस खुशीत घरी जातो. बीपी-शुगरवर शिकलेलं मॉडेल तर त्याला हमखास सोडून देणार. तिथे क्रिएटिनिन केल्याशिवाय पर्याय नाही. खारपाणपट्ट्यात तसलाच प्रकार आहे असं मी म्हणत नाहीये, पाण्याचं आणि किडनीचं नातं सिद्ध करणं फार किचकट काम आहे, उद्दानमला एवढी वर्षं पाणी माती तपासून झाली तरी एक कारण पक्कं झालेलं नाही.

कोयता_बीड
डॉक्टर, ऊसतोडवाल्यांचं जे लिहिलं ते आमच्याकडच्या टोळ्यांना पण लागू होतं का? मार्चनंतर उन्हात मोळ्या बांधून अंग मोडतं, रात्री दुखण्याची गोळी ठरलेली, पाणी मिळेल तेवढंच. बायका तर लघवीला जायला लागू नये म्हणून मुद्दाम पाणी पीत नाहीत.

किडनी_ड्युटी
@कोयता_बीड लागू होतं का ते टोळ्या तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण ऊन, कमी पाणी आणि वरून डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या हे तिन्ही एकत्र किडनीला वाईटच. निकाराग्वात काही कारखान्यांनी सावली, पाणी आणि सक्तीची विश्रांती सुरू केली, आणि हंगामाच्या आधी आणि नंतर कामगारांचं क्रिएटिनिन करतात. आपल्याकडे हंगामाला जायच्या आधी आणि परत आल्यावर गावातच एकेक रक्त घेतलं तरी बरंच कळेल. मुकादम मनावर घेईल का हा प्रश्न वेगळा.

वऱ्हाडी_कोडर
बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. @डेटाची_हमाली १५० वाले काढून बघितले, खरंच एकालाही बीपी नाही. मग प्रोजेक्ट बदलू का? सबमिशन एप्रिलला आहे हो.

डेटाची_हमाली
बदलू नको, प्रश्न फिरव. आजार आहे की नाही हे मॉडेलला विचारूच नको. वय, बीपी, शुगर, दुखण्याच्या गोळ्या, घरात कोणी डायलिसिसवर आहे का, उन्हातलं काम, एवढ्या तोंडी माहितीवरून आधी कोणाचं क्रिएटिनिन करायचं त्याची यादी लावून दे. आशाताई तिशीपुढच्या लोकांचा सीबॅक फॉर्म (तब्येतीच्या प्रश्नांची यादी) तसाही भरतात, त्यालाच जोड. डेटा मिळाला नाही तर निदान रिपोर्टमध्ये दाखव की रक्त-लघवीचे कॉलम काढले की तुझे ९९ किती खाली येतात, तो तक्ता गाईडना आवडणार नाही पण पेपर त्याच्यावरच होईल.

किडनी_ड्युटी
आणि पुढचा धोका खरंच सांगायचा असेल तर २०११ पासून केएफआरई नावाचं समीकरण आहे, वय, लिंग, जीएफआर आणि अल्ब्युमिन रेशो एवढ्या चारच गोष्टी घेतं आणि दोन-पाच वर्षांत किडनी फेल व्हायची शक्यता देतं. ते आजार ठरलेल्या लोकांसाठीच, गावभर लावायचं नाही. आधी सापडला तर टेल्मिसार्टनची गोळी आहे, डापाग्लिफ्लोझिन या दुसऱ्या औषधाचं पेटंट संपल्यापासून तेही परवडतं, म्हणजे शोधून उपयोग नाही अशातला भाग नाही.

लॅबवाली_ताई
शिबिर घेणार असाल तर दुसऱ्या वेळची तारीख त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून द्या, आणि बाजाराचा वार धरा, त्या दिवशी लोक तालुक्याला येतातच.