पहिलाच रंगीत योकचा स्वेटर करायचाय, सल्ला द्या (लोकर, सुई, वरून की खालून?)

नवी_सुई:
टोप्या झाल्या, मफलर झाले, एक साधा स्वेटरही झाला (पुढचा-मागचा भाग वेगळा विणून शिवलेला, खांदे लोंबतायत पण घालते). आता तो गोल योकचा, म्हणजे छाती-खांद्यांच्या वरच्या भागात गळ्याभोवती गोल नक्षीवाला करायचाय, एका फेरीत दोन रंग चालवतात तो. दोन रंग एकत्र आजवर विणलेले नाहीत.
माझ्याकडे ४.५ मिमीची ८० सेंमी गोल सुई आहे. फार तर अजून एक सुई घेईन, त्यापलीकडे खर्च नकोय. कपाटात मध्यम जाडीची शंभर टक्के लोकर पडून आहे, गडद निळी पुष्कळ आणि राखाडी दोन लड्या. तीच वापरली तर? नाहीतर स्वस्तातलं काय घेऊ? गळ्याकडून सुरू करू की खालच्या घेराकडून? आणि सोप्यात सोपी नक्षी कशी ओळखायची?

लोकरवेडी:
अगं निळी-राखाडी काय, पहिला स्वेटर आहे तर हौसेने कर! हाताने रंगवलेली मेरिनो घे, एकाच लडीत रंग बदलत जातो, नक्षी आपोआप खुलते. मी मागच्या थंडीत सात रंगांचा केला, रस्त्यात लोक थांबवून विचारायचे कुठून घेतला. महाग पडते खरी, पण एवढे तास घालवायचे तर लोकरीत काटकसर कशाला?

मोजपट्टी:
वरच्या ताईंनी 'खर्च नकोय' हे वाक्य बहुतेक वाचलं नाही. असो.
आधी नमुना, म्हणजे माप बघायला छोटा तुकडा, विणा. आणि तो सपाट नको, गोल विणा. सपाट विणताना उलट टाक्यांच्या ओळी येतात, बहुतेकांचे उलट टाके सुलट टाक्यांपेक्षा सैल पडतात, त्यामुळे माप वेगळं येतं. माझ्या जावेने सपाट नमुन्यावर हिशेब केला, १० सेंमीत २० टाके, छाती १०० सेंमी, म्हणून २०० टाके घातले. गोल विणताना पडले २२. स्वेटर झाला ९१ सेंमीचा. आता तिची मुलगी घालते.
दोन रंगांचा भाग एकरंगीपेक्षा घट्टच येतो, त्यामुळे नमुना दोन्हीचा हवा. नक्षी घट्ट येत असेल तर तेवढ्या भागाला अर्ध्या मिमीने मोठी सुई लावायची. ती 'अजून एक सुई' तिथेच खर्च करा.

अ‍ॅक्रिलिक_झिंदाबाद:
मशीनला टाकता येईल असं करा बाई. शुद्ध लोकरीचे लाड कोण करणार? अ‍ॅक्रिलिक स्वस्त, रंग ढीगभर, टोचत नाही. माझे सगळे अ‍ॅक्रिलिकचे आहेत आणि वर्षानुवर्षं टिकलेत.

दोन्ही_हात:
टिकतात हो, प्रश्न टिकण्याचा नाहीये. दोन रंगांचं काम विणून झाल्यावर थोडं सुरकुतलेलं, उंचसखल दिसतंच. लोकर कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, सपाट वाळवली की टाके एकमेकांत बसतात. अ‍ॅक्रिलिकवर पाण्याचा तेवढा परिणाम होत नाही, आणि वाफ जास्त लागली तर जीवच जातो त्याचा, लुळं पडतं ते कायमचं. शिवाय ते गुळगुळीत असतं, मागचे धागे धरून राहत नाहीत. नवख्या माणसाला थोडी खरखरीत लोकरच बरी, टाका सुटला तरी खाली धावत जात नाही. तुमच्या कपाटातली चालेल.

अ‍ॅक्रिलिक_झिंदाबाद:
माझे तर कुठे लुळे पडले नाहीत. ज्याचं त्याचं.

गुंडा_हरवला:
नमुना नक्की विणा, आणि गोल विणा.
बाकी हे सगळं हौसेचं काम आहे, मी अर्धा विणून पिशवीत टाकलाय, दोन धाग्यांचा गुंता सोडवायलाच जास्त वेळ जातो. एक गुंडा डाव्या बाजूला, एक उजव्या बाजूला ठेवा म्हणतात, पण मांजर आहे घरात, तिला डावं-उजवं कळत नाही.

जुना_स्वेटर:
करायचाच असेल तर अस्सल आइसलंडी पद्धतीने करा. हजार वर्षांची परंपरा आहे ती, व्हायकिंग लोक हेच स्वेटर घालून समुद्रात जायचे.

आकडेमोड:
मेंढ्या हजार वर्षांच्या, स्वेटर नाही. व्हायकिंगांनी मेंढ्या तिकडे नेल्या हे खरं, पण 'लोपापेयसा', म्हणजे तिकडचा गोल योकचा स्वेटर, विसाव्या शतकाच्या मध्यातला. गोल योकचं तेवढंच गाजलेलं दुसरं घराणं म्हणजे स्वीडनचं बोहुस स्टिकनिंग, १९३९ ते १९६९. त्यांच्या कामात मधेमधे उलट टाके असतात आणि एका फेरीत कधीकधी दोनहून जास्त रंग, म्हणून दिसायला अप्रतिम, पण पहिल्या प्रयत्नाला घेऊ नका.
लोकर विकतच घ्यायची झाली तर आइसलंडची लेटलोपी तुमच्या सुईला जुळते. ५० ग्रॅमला १०० मीटर, ४.५ मिमीवर १० सेंमीत साधारण १८ टाके. टोचते मात्र, आत पूर्ण बाह्यांचं काहीतरी घालावं लागतं.

जुना_स्वेटर:
मी परंपरेबद्दल बोलत होतो, तारखांबद्दल नाही.

कात्रीवाला:
मी म्हणतो कार्डिगनच करा. गोल विणायचं सगळं, मग पुढच्या मधल्या टाक्यांच्या दोन्ही बाजूंना मशीनची शिलाई मारायची आणि सरळ कात्रीने कापायचं! पहिल्यांदा हात थरथरतो, पण साध्या लोकरीला काही होत नाही, मशीन-वॉशवाल्या लोकरीत जरा जपून, ती गुळगुळीत असते म्हणून. कापल्यावर जो आनंद होतो ना…

लोकरवेडी:
कापायचं??? मी तर नाही बाई. पण शिलाई मशीनची की क्रोशाची?

कात्रीवाला:
दोन्ही चालतात. क्रोशाने केली तर कड मऊ राहते, लोकर चिकट असेल तरच करा. मी व्हिडिओ…

मोजपट्टी:
चर्चेचा हा धागा कार्डिगनचा नाहीये. नवीन धागा काढा, आम्ही येतो तिथे.

आकडेमोड:
वरून की खालून, यावर माझं मत खालून. कारण घेर आणि दोन्ही बाह्या एकरंगी विणता विणता हात बसतो आणि नक्षी शेवटी येते. शिवाय खालून वर जाताना टाके कमी करायचे असतात, ते वाढवण्यापेक्षा सोपं. विणकामावर लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांची टक्केवारीची पद्धत आहे (सगळे टाके घेराच्या टाक्यांच्या टक्केवारीत काढायचे), तिच्यात संपूर्ण योकमध्ये टाके कमी करायच्या फेऱ्या तीनच. योकची अर्धी उंची झाली की पहिली (दोन विणा, दोन एकत्र), पाऊण उंचीला दुसरी (एक विणा, दोन एकत्र), आणि गळ्याच्या रिबच्या (ताणल्या जाणाऱ्या पट्टीच्या) आधी तिसरी (एक विणा, दोन एकत्र, दोन एकत्र). मधल्या फेऱ्यांत नक्षीशिवाय काहीही सांभाळायचं नाही.
१० सेंमीत १८ टाके असतील आणि घेर १०० सेंमी, तर घेर आणि बाह्या जोडल्यावर सुईवर साधारण २८० टाके येतात. मग २८० चे २१०, २१० चे १४०, १४० चे ८४. आता गंमत बघा, २८० ला ८ ने भाग जातो, २१० ला ६ ने, १४० ला ४ ने, आणि तिन्ही वेळा उत्तर ३५. म्हणजे खाली आठ टाक्यांची नक्षी, मध्ये सहाची, वर चारची, सगळ्या एकाखाली एक बसतात. 'सोपी नक्षी कशी ओळखायची' याचंही उत्तर यातच आहे. नक्षीचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा छोटा हवा आणि एकाच रंगाचे सलग पाचपेक्षा जास्त टाके नकोत.

लोकरवेडी:
गणित बघूनच झोप आली. मी तर वरूनच करते, अंगावर घालून बघता येतं, लांबी हवी तेवढी ठेवता येते, लोकर संपली तर स्वेटर आखूड, बास.

गुंडा_हरवला:
लोकरवेडींना अनुमोदन. वरूनच. खालून केला आणि योक बिघडला की दोन बाह्या घेऊन बसा रडत.

दोन्ही_हात:
वरून-खालून कसंही करा, स्वेटर बिघडतो तो मागच्या धाग्यामुळे. ते कोणी नीट सांगितलंच नाही, म्हणून जरा लांबण लावतो.
समजा निळ्याचे चार टाके विणले आणि आता राखाडी घ्यायचाय. तर उजव्या सुईवरचे ते चार टाके आधी बोटाने पसरा, सुईवर चुरगळून बसलेले असतात ते, मोकळे करा, आणि मग राखाडी धागा मागून आणून पहिला टाका घाला, ओढून घट्ट करू नका. धागा मागे किंचित झोळ देऊन पडला पाहिजे. टाके न पसरता विणलंत की तो धागा आखूड राहतो आणि समोरून कापड चुण्या पडल्यासारखं गोळा होतं, ते पाण्याने धुऊनही सुटत नाही. हात फारच घट्ट असेल तर काम उलटं करा, म्हणजे सुलट बाजू आत आणि धागे बाहेरच्या बाजूने, त्यांना वळसा मोठा पडतो आणि आपोआप सैल राहतात. पाच टाक्यांवर धागा जात असेल तर मध्ये एकदा दुसऱ्या धाग्याखाली अडकवा, नाहीतर घालताना बोट अडकतं. पण प्रत्येक फेरीत त्याच जागी अडकवू नका, समोरून रेघ दिसते.
आणि कोणता धागा वरून, कोणता खालून, हे एकदा ठरलं की स्वेटर संपेपर्यंत बदलायचं नाही. खालून येणारा धागा समोर जास्त उठून दिसतो. तेव्हा नक्षीचा रंग खालून, पार्श्वभूमीचा वरून. दोन हातांत एकेक धागा धरून विणत असाल तर नक्षीचा रंग डाव्या हातात. मधेच अदलाबदल झाली तर नक्षीचा तेवढाच पट्टा पुसट दिसतो आणि कळतच नाही का ते.

मोजपट्टी:
हे वरचं प्रिंट काढून ठेवा.
बाकी निळ्या-राखाडीबद्दल: दोन्हीचे गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर ब्लॅक-अँड-व्हाइट फोटो काढा. दोन्ही सारखे दिसले तर नक्षी लांबून दिसणार नाही. रंग वेगळे असून उपयोग नाही, गडद-फिका हवा. एखादी पांढरी लडी घ्याच, तेवढा खर्च करा.
आणि निळा सुटतो का बघा, ओल्या पांढऱ्या रुमालात रात्रभर गुंडाळून.

नवी_सुई:
बापरे, सगळ्यांचे आभार. फोटो काढला, दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतायत. रुमालाला डाग नाही. निळी मोजली, साधारण ११०० मीटर आहे. पुरेल ना?

आकडेमोड:
१०० सेंमी घेराला या जाडीत मुख्य रंग हजाराच्या आसपास लागतो, बाह्या लांब ठेवल्या तर काठावर. राखाडी दोन लड्या योकला भरपूर. पण फोटोत सारखे दिसतात तर पांढरी घ्या हो.

लोकरवेडी:
पांढरी घे. किंवा मोहरी! निळ्यावर मोहरी काय दिसते.

अ‍ॅक्रिलिक_झिंदाबाद:
पांढरी अ‍ॅक्रिलिकची घ्या, एकाच लडीत काम होईल.

दोन्ही_हात:
लोकर आणि अ‍ॅक्रिलिक एका योकमध्ये नको, धुतल्यावर दोघांचं वागणं वेगळं. पांढरी लोकर घ्या. आणि आधी एक टोपी करा दोन रंगांची, तोच नमुना होईल.

गुंडा_हरवला:
+१, आधी टोपी. पांढरी.

मोजपट्टी:
पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालेलं दिसतंय.

नवी_सुई:
ठरवलं. निळी-राखाडीच. स्वेटर ऑफिसात घालायचाय, नक्षी लांबून ओरडायला नकोच आहे, जवळ आल्यावर दिसली तरी पुष्कळ. आणि रंग जवळचे असले की माझे टाके कमी-जास्त झाले तरी तेही उठून दिसणार नाहीत, हा माझा स्वार्थ. टोपी करत नाही, टोप्या खूप झाल्या. बाहीपासून सुरू करते खालून, बाही गोलच असते तर तोच एकरंगी नमुना, आणि मनगटाच्या वर दोन रंगांची बारीक पट्टी घालून तिथे हात बघते. माप चुकलं तर बाहीच उसवायची, घेर नाही.

दोन्ही_हात:
टाके लपण्याबद्दल बरोबर आहे तुमचं, हे मला सुचायला हवं होतं. पण पट्टी मनगटाजवळ घट्ट झाली तर हात जाणार नाही, तिथे मोठी सुई लावा.

आकडेमोड:
बाहीला ८० सेंमीच्या सुईवर मॅजिक लूप (सुईची जास्तीची वायर मधून बाहेर ओढून छोटा घेर विणायचा) करावं लागेल. येतं का? नाहीतर ती 'अजून एक सुई' बाहीतच जाईल आणि मग नक्षीला मोठी सुई कुठून आणणार?

नवी_सुई:
मॅजिक लूप टोप्यांवर केलंय, ८० वर जरा ओढाताण होते पण जमतं. मोठी सुई ५ ची ८० मध्येच मागवलीय. वर गळ्याकडे टाके कमी झाले की तिथेही लूपच करीन.

लोकरवेडी:
राखाडी… बरं. मानेला मागून उंची द्यायला विसरू नकोस, नाहीतर पुढून गळ्याशी लागतो. माझ्या सात रंगांच्याला तेच झालंय, पण रंगांमुळे कोणी बघत नाही.

आकडेमोड:
हो, ते राहिलंच. योकची नक्षी सुरू व्हायच्या आधी फक्त पाठीच्या बाजूला अर्धवट ओळी मारायच्या, म्हणजे फेरी पूर्ण न करता मधूनच वळायचं, दर वेळी थोडं अलीकडे. दोन-तीन सेंमी उंची पुरते. नक्षीच्या मध्ये करू नका, जुळणार नाही.

कात्रीवाला:
कार्डिगनचा धागा काढलाय. शिलाईचे फोटो टाकलेत. लोकरवेडी ताई, या.