सोलंगची एकदिवसीय बर्फसहल: चार खेळ एका दिवसात खरंच होतात का?

नाशिकरोड_प्रवासी (प्रश्न):

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मनालीला जायचं ठरलंय. आम्ही दोघं (वय ५२ आणि ४८), मुलगी १६ वर्षांची, मुलगा ११ वर्षांचा. चौघांपैकी कुणीही बर्फावर पाय ठेवलेला नाही. पॅकेजवाल्याने एक दिवस गाइडसह 'स्नो कॉम्बो' म्हणून दिलाय. सकाळी ९ ला हॉटेलवरून गाडी, सोलंगला बर्फातली पायी चाल, स्कीइंगचा धडा, ट्यूबवरून घसरणं, स्नो स्कूटर आणि ५ ला परत. हे सगळं नीट होतं का? आधी काय करावं, नंतर काय? नाशिकहून काय न्यावं आणि तिथे भाड्याने काय घ्यावं? माझ्या डाव्या गुडघ्याला जिना उतरताना थोडा त्रास होतो, तेही सांगून ठेवतो.

पीरपंजाल:

चारही खेळ नावापुरते होतील, मनासारखे दोन किंवा तीनच होतील. वेळेचा हिशेब मांडून बघा. मनाली ते सोलंग १३-१४ किलोमीटर. रस्ता मोकळा असला तर पाऊण तास पुरतो. ताजा बर्फ पडलेला असेल किंवा शनिवार-रविवार असेल, तर पलचानच्या आसपास गाड्या तास-दोन तास खोळंबतात. वाटेत दुकानात चौघांच्या मापाचे सूट आणि बूट मिळवायला अर्धा तास धरा. म्हणजे ९ ला निघून बर्फावर उभं राहायला ११ वाजणार. जानेवारीत दुपारनंतर कडेच्या डोंगरधारांची सावली लवकर दरीत उतरते. ऊन गेलं की गारठा एकदम वाढतो आणि ओले हातमोजे कडक व्हायला लागतात. हातात उरतात जेमतेम साडेचार तास, त्यातच जेवण आणि प्रत्येक खेळाची रांग.

म्हणून गाडी ८ ला काढायला सांगा आणि सूट-बूट आदल्या संध्याकाळीच मनालीत घालून बघून घ्या. क्रम असा ठेवा: सोलंगला पोचल्यावर २०-२५ मिनिटं सपाटीवर चाल, मग लगेच स्की, मग जेवण, मग ट्यूब. स्नो स्कूटर शेवटी आणि तीही वेळ उरली तरच. स्की आधी ठेवण्याचं कारण म्हणजे तो एकच खेळ शिकावा लागतो आणि त्याला ताजे पाय लागतात. दुपारी उन्हाने वरचा थर पचपचीत होतो, स्की त्यात रुतते, वळताना गुडघ्यावर पीळ येतो. ट्यूबला मात्र थकलेले पाय चालतात.

स्कीच्या धड्याबद्दल पॅकेजवाल्याला तीनच गोष्टी विचारा: किती मिनिटं, एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, आणि साहित्य सगळा वेळ तुमच्याकडे राहणार की आळीपाळीने वापरायचं. पुष्कळ ठिकाणी 'स्कीइंग' म्हणजे पंधरा मिनिटं दोन्ही हात धरून खाली आणतात आणि फोटो काढतात. शिकायचं असेल तर सलग दोन तास हवेत आणि चार-पाच जणांमागे एक शिकवणारा. तुम्ही चौघंच आहात, तेव्हा चौघांसाठी एक इन्स्ट्रक्टर मागा आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

साहित्यात सगळ्यात आधी बूट बघा. स्कीच्या बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, त्यामुळे घरीच भिंतीला टाच टेकवून पावलाची लांबी मोजून न्या. आत मोजा एकच, पण चांगला लोकरीचा. दोन-दोन मोजे घातले की घड्या पडतात, रक्त कमी पोचतं आणि पाय उलट जास्त गारठतात. पँटची किनार किंवा थर्मल बुटाच्या आत गेलं तर तासाभरात नडगी सोलवटते, तिथे फक्त मोजा असायला हवा. बूट बांधून गुडघे पुढे वाकवले की टाच उचलली जाता कामा नये आणि सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकावीत. नवशिक्याची स्की उभी धरल्यावर हनुवटी ते नाकाच्या उंचीची असावी. मुलाला छातीएवढीही चालेल. लांब स्की वळत नाही.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा भाग, पडल्यावर आपोआप सुटायला हवं. ते किती जोरात पकडेल याचा आकडा वजन, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि सराव यांवर ठरतो. भाड्याच्या स्कीवर आधीच्या माणसाचाच आकडा राहिलेला असतो. ९० किलोच्या गड्यासाठी लावलेली स्की तुमच्या मुलाच्या पायात आली आणि तो पडला, तर स्की सुटणार नाही, गुडघा पिरगळेल. चौघांची वजनं सांगा आणि समोर उभं राहून आकडा बदलून घ्या. बूट 'खट' करून बसत नसेल तर बहुतेक वेळा तळाला बर्फ चिकटलेला असतो, काठीच्या टोकाने खरवडून पुन्हा टाच दाबा.

पहिल्या तासात शिकायचं एवढंच: आडवं पाऊल टाकत चढणं, पडल्यावर उठणं आणि थांबणं. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला आणा, मग वरच्या बाजूच्या हाताने रेटा. स्की उताराच्या दिशेला तोंड करून असतील तर उठता उठताच घसराल. थांबण्यासाठी पुढची टोकं वीतभर अंतरावर आणि मागची टोकं बाहेर ढकलायची, आतल्या कडांवर दाब द्यायचा. भीतीने माणूस मागे झुकतो आणि चूक तिथेच होते, कारण वजन टाचेवर गेलं की पुढची टोकं हलकी होऊन ब्रेक लागत नाही. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबलेली राहिली पाहिजे.

पाथर्डीफाटा:

वरचं सगळं पटतं, एक भर घालतो. ८ ला निघायचं तर गाडी फोर बाय फोर आहे का आणि टायरला बांधायची चेन सोबत आहे का, हे आदल्या दिवशी विचारा. दिवसा वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर गोठतं आणि सावलीच्या वळणांवर तो काचेसारखा थर ऊन येईपर्यंत दिसतसुद्धा नाही. साधी टॅक्सी असेल तर ९ चीच वेळ बरी. बर्फ पडत असताना पोलीस साध्या गाड्या नेहरूकुंडाजवळ अडवतात आणि पुढे स्थानिक फोर बाय फोर करावी लागते. ते भाडं पॅकेजमध्ये आहे की तुमच्या माथी, हे आधीच लिहून घ्या. वाद नेमका इथेच होतो.

सोलंगच्या पायथ्याला (साधारण २५६० मीटर) बर्फ पातळ असेल तर गाइड म्हणेल, अटल बोगद्यातून पलीकडच्या सिस्सू गावाला जाऊ. बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे, जाणं सोपं, पण जानेवारीच्या उत्तरार्धात तिथली गावं सण आणि देवकार्यासाठी काही आठवडे पर्यटन बंद ठेवतात. तुमच्या तारखा नेमक्या त्यातच आहेत. त्यापेक्षा सोलंगचा रोपवे धरून वर फातरूच्या धारेवर जा, खाली चिखल असला तरी वर बर्फ मिळतो. रोहतांग (३९७८ मीटर) हिवाळ्यात बर्फाने बंद असतो, 'रोहतांगही दाखवतो' म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका.

शरणपूररोड_ताई:

कपड्यांचं मी सांगते, कारण नाशिकचा गारठा आणि तिथला गारठा यांत मोठा फरक आहे. आपल्याकडे हवा कोरडी, त्यामुळे जीन्स आणि स्वेटरवर भागतं. बर्फात माणूस पडतो, बसतो, भिजतो. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. तेव्हा जीन्स, सुती बनियन आणि सुती मोजे हॉटेलवरच ठेवा.

नाशिकहून चौघांसाठी एकेक थर्मल जोडी, फ्लीसचं जॅकेट, कान झाकणारी टोपी आणि प्रत्येकी तीन जोड्या जाड लोकरी मोजे घ्या. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमध्ये टोप्या आणि स्वेटर मिळतात, थर्मल मात्र अंगाला घट्ट बसतंय का ते बघून घ्या. वॉटरप्रूफ हातमोजे इथूनच न्या. भाड्याचे हातमोजे आदल्या दिवशीच्या घामाने ओले असतात आणि लोकरीचे हातमोजे बर्फात दहा मिनिटांत भिजतात. वरचा सूट आणि गमबूट तिथेच भाड्याने घ्या, विकत घेणं वाया जातं. गमबूट नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या आणि आत हात घालून तळ ओला नाही ना बघा. सूटची चेन वर-खाली करून पाहा, पायाकडचा इलॅस्टिक बुटावरून खाली येतो ना तेही पाहा, नाहीतर बर्फ वरून बुटात शिरतो.

गॉगल शोभेचा नको, यूव्ही ४०० लिहिलेला हवा, मुलांनाही. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ढगाळ दिवशीसुद्धा डोळे भाजतात आणि त्रास संध्याकाळी सुरू होतो: डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं, पाणी वाहतं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावा, किरण खालून येतात. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी विसरू नका, थर्मासमध्ये कोमट पाणी न्या. मोबाइल आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, गारठ्यात बॅटरी ४० टक्क्यांवरूनही बंद पडते.

नाशिकरोड_प्रवासी:

फार उपयोगी, मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. गुडघ्यामुळे मी स्की टाळावी का? आणि हिमस्खलनाच्या बातम्या येतात, सोलंगला त्याची काळजी किती करायची?

पीरपंजाल:

गुडघा उतरताना दुखतो म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू आणि वाटीच्या आसपासचा भाग तपासून घ्यायला हवा. आधी हाडांच्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर आजपासूनच रोज भिंतीला पाठ लावून खुर्चीवर बसल्यासारखं ३० ते ४५ सेकंद, असं तीनदा करा आणि आठवड्यातून दोनदा पांडवलेणीच्या पायऱ्या चढा, उतरताना सावकाश. नाही म्हणाले तर स्कीऐवजी चाल वाढवा. गाइडला विचारा, स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट) आहेत की नुसते गमबूट. तुडवलेल्या वाटेवर बुटाला लावायचे काटे पुरतात, पण गुडघाभर ताज्या बर्फात स्नोशूशिवाय प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागतं आणि दुखऱ्या गुडघ्याला ते स्कीपेक्षा जड जातं. स्नो स्कूटरवर उसळी थेट कमरेला आणि गुडघ्याला बसते, तीही टाळा. मुलांसाठी घ्याल तेव्हा दर फेरीचा आहे की मिनिटांचा, फेरी किती मीटरची आणि हेल्मेट देणार का, हे आधी ठरवा.

ट्यूब मुलगा हट्टाने डोकं पुढे करून पालथा घेईल, तसं करू देऊ नका. पाय पुढे, हात आत, आणि खालचा माणूस बाजूला झाल्याशिवाय वरून सोडायचं नाही. उताराच्या तळाशी खांब, दगड किंवा गाड्या असतील तर ती जागाच सोडा. ट्यूबला ब्रेक नसतो, आणि दुपारनंतर घासून गुळगुळीत झालेल्या पट्ट्यावर वेग सकाळच्यापेक्षा जास्त असतो.

पाथर्डीफाटा:

हिमस्खलनाबद्दल: सोलंगच्या मैदानात, गर्दीच्या पट्ट्यात धोका कमी. सोलंगच्या पुढे धुंदी नावाच्या ठिकाणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि चढावांच्या पायथ्याला जास्त. मोठा बर्फ पडून गेल्यानंतरचे २४ तास सर्वांत वाईट, कारण नवा थर जुन्यावर अजून बसलेला नसतो. त्यात दुपारचं ऊन लागलं की तो सुटतो. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचा इशारा देते आणि प्रशासन त्यावरून रस्ते बंद करतं. इशारा असेल त्या दिवशी 'मागच्या वाटेने नेतो' म्हणणाऱ्या गाइडसोबत जायचं नाही.

यासाठीच मनालीत बर्फाचा दिवस शेवटचा ठेवू नका. तीन रात्री असतील तर दुसऱ्या दिवशी सोलंग, म्हणजे हवा बिघडली तर तिसरा दिवस हाताशी राहतो. शिवाय पहिली रात्र मनालीत (साधारण २०५० मीटर) काढली की नाशिकच्या ६०० मीटरवरून आलेल्या शरीराला उंचीची थोडी सवय होते. पॅकेजवाल्याकडून एक ओळ लिहून घ्या: रस्ता प्रशासनाने बंद केला तर दिवस बदलून मिळेल, आणि बदलणं शक्य नसेल तर न झालेल्या खेळांचे पैसे परत. हे मान्य करत नसेल तर आगाऊ रक्कम फक्त गाडी आणि हॉटेलची द्या, खेळांचे पैसे सोलंगला बर्फ बघून जागेवर द्या.