पुण्यातल्या मैफली आणि त्यांच्या जागा : लिहा आपापले अनुभव

खर्जातला_सा
काल रस्त्यात कुठेतरी सवाई गंधर्वांची भैरवी लागली होती आणि एकदम रमणबाग शाळेचं मैदान आठवलं. सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता याच ध्वनिमुद्रिकेने करायची पद्धत, त्यामुळे जुन्या श्रोत्यांचा हात ती ऐकली की आपोआप सतरंजीची घडी घालायला जातो. भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव पूर्वी रात्ररात्र चालायचा आणि शेवटच्या सकाळी अखेरचं गाणं भीमसेनजींचंच असायचं. २०१८ पासून तो मुकुंदनगरला गेला.

‘आता पूर्वीसारखं गाणं राहिलं नाही’ हे कृपया नको. कुठे बसलं की काय ऐकू येतं, कुठल्या जागेत काय बिघडतं, ते लिहा. सुरुवात मी करतो. मांडवात अगदी पुढची जागा सगळ्यात चांगली, हा गैरसमज आहे. मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन बाजूंना, उंचावर असतात. पुढे मध्यभागी बसणारा दोन्हींच्या माऱ्याबाहेर राहतो. त्याला ऐकू येतो तो कलाकाराच्या मॉनिटरचा (त्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरचा) निसटलेला आवाज, म्हणजे तबला जास्त आणि शब्द कमी. त्यापेक्षा साउंडवाल्याचं टेबल शोधा आणि त्याच्या पुढे दोन-चार ओळी सोडून बसा. तो जे ऐकून बटणं फिरवतो, तेच तुमच्या कानावर येतं.

मध्यलय
+१. मागच्यांसाठी भर घालतो. मोठ्या मांडवात मध्येच जादा स्पीकरचे खांब उभे असतात. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तारेतून तो लगेच पोचतो. म्हणजे स्टेजपासून ३४ मीटरवरच्या खांबाला सेकंदाचा दहावा भाग, १०० मिलिसेकंद, उशीर द्यावा लागतो. जाणकार माणूस त्यावर अजून १०-१५ देतो, म्हणजे आवाज खांबातून न येता गायकाकडूनच आल्यासारखा वाटतो. हे लावायचं राहिलं की तबल्याचा प्रत्येक ‘ना’ दोनदा ऐकू येतो. विलंबितात (संथ लयीत) चालून जातं, द्रुतात (जलद लयीत) नुसती खिचडी. असं वाटलं तर खांबाच्या थोडं पुढे सरका. खांबाची पाठ तुमच्याकडे आली की बराच फरक पडतो.

चिंचगुळाची_आमटी
कुकरच्या दोन शिट्ट्या बाकी आहेत तेवढ्यात लिहिते. भारतीय बैठकीवर जाड लोड नेऊ नका, मागच्याला स्टेज दिसत नाही. पातळ गादी खाली आणि एक छोटी उशी कमरेमागे, बस्स. शाल दुपारीच घेऊन निघा, सूर्य मावळला की पुण्याची थंडी एकदम पायांतून चढते. मोजेही. आणि डासांची उदबत्ती लावू नका हो! धूर गाणाऱ्याच्या घशात जातो. हातापायाला मलम लावा.

निवांत_नळस्टॉप
लोडवाल्यांना वेगळा मांडव द्या 😀

गट्टा_आणि_गजरा
थंडीवरून आठवलं. उघड्यावरच्या मैफलीत संध्याकाळी सातनंतर वाद्यं का उतरतात-चढतात, यावर कुणी बोलत नाही. गार हवेत तंबोऱ्याच्या तारा आकसतात, सूर चढतो. हवेत दमटपणा आला की तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडते, सूर उतरतो. त्यात डोक्यावरचे दिवे लागले की सगळं उलटं होतं. तारा तापून उतरतात, पुडी वाळून चढते. दोघं दोन दिशांना निघतात आणि पेटी बिचारी मध्ये आहे तिथेच, कारण तिचे सूर तिथल्या तिथे हलवता येत नाहीत. म्हणून सगळे पेटीला किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला धरून लावतात.

तबलावाला हातोडी कुठे मारतो ते बघा. गट्ट्यावर (बाजूच्या लाकडी ठोकळ्यावर) मारली तर फरक मोठा आहे, सूर बराच चढवायचा किंवा उतरवायचा आहे. गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) वरून हलकी ठोक म्हणजे किंचित चढवणं, खालून ठोक म्हणजे उतरवणं. एका घरात (गजऱ्याच्या दोन वाद्यांमधल्या भागात) सूर लागला तरी समोरच्या घरात लागलेला नसतो, म्हणून तो तबला फिरवत फिरवत ठोकतो. पुरुषांच्या काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी हा सा) साधारण साडेपाच इंची तोंड लागतं. बायकांच्या काळी चार-पाचला मोठ्या तोंडाचा, ढाल्या (खालच्या) आवाजाचा तबला. एका गाण्यानंतर दुसरं माणूस बसलं की मध्ये वेळ जातो तो याच्यातच.

पेठेतला_पाहुणा
आणि नेमकं तेव्हाच मागून कुणीतरी म्हणतं, ‘अजून किती ठोकणार?’

गट्टा_आणि_गजरा
@पेठेतला_पाहुणा तेच लोक नंतर ‘आज तबला जमला नाही’ म्हणून ठणकावून सांगतात 🙏

दरबारीची_वाट
रात्रीचं काय झालं ते नव्या मंडळींसाठी. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. बंदिस्त सभागृहाला ही वेळ लागू नाही. परिणाम असा की दरबारी, अडाणा, मालकंस या रात्रीच्या रागांची हक्काची वेळ गेली. ते गायले जातात, पण साडेनऊला, घड्याळाकडे बघत. दरबारीतला गंधार घाईत कसा आंदोलणार?

पण याची दुसरी बाजू कुणी लिहीत नाही. सत्र दुपारी सुरू व्हायला लागलं म्हणून भीमपलासी, मुलतानी, पटदीप मोठ्या मंचावर ऐकायला मिळू लागले. रात्री नऊला बसायची पद्धत होती तेव्हा या रागांना मैफलीत जागाच नव्हती. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्या आसपास ज्याचं गाणं असेल त्याच्याकडून मारवा, पूरिया किंवा श्री यायची शक्यता बरीच. ऑफिस करून सातला येणाऱ्यांचं हेच नेमकं हुकतं. अर्धी रजा टाकायची तर दुपारचीच टाका.

कोमल_रे
आणि तंबोऱ्याची पहिली तार ऐका. बहुतेक वेळा पंचमात (प) असते. मालकंसात पंचम नाही म्हणून ती मध्यमात (म) लावतात, मारवा-पूरियात बहुतेक निषादात (नी). गायक मंचावर बसून ही तार फिरवायला लागला की कुठले राग बाद झाले ते तिथेच कळतं. शेजाऱ्याशी पैज लावायला उत्तम.

चिंचगुळाची_आमटी
आले परत. @कोमल_रे हे माहीत नव्हतं, आता मुलाला सांगून भाव खाते.

बाल्कनी_बी
बालगंधर्व रंगमंदिराबद्दल कुणीच नाही? १९६२ ला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते पायाभरणी, २६ जून १९६८ ला उद्घाटन. आत गोपाळ देऊस्करांनी केलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. लवकर जाऊन शांतपणे बघा, मध्यंतरात सगळी गर्दी चहाकडे असते तेव्हाही चालेल.

बसण्याबद्दल: कुठल्याही नाट्यगृहात बाल्कनीच्या खालच्या शेवटच्या ओळी टाळा. वरचं छत पुढे आलेलं असल्याने वरून परतणारा आवाज तिथे पोचत नाही, गाणं दबलेलं लागतं. त्यापेक्षा बाल्कनीची पहिली ओळ स्वस्त आणि मस्त. तबलजीचे हात बघायचे असतील तर प्रेक्षकांच्या डाव्या बाजूची खुर्ची घ्या. तबला गायकाच्या उजवीकडे असतो आणि पेटी डावीकडे. पेटीवाल्याची बोटं बघायची असतील तर अर्थातच उलट.

वीकेंडर_वाला
शास्त्रीय मंडळींत घुसतोय, माफ करा. एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सवही आपल्या पुण्यातच सुरू झाला, २०१० मध्ये. तिथला प्रश्न उलटा आहे, आवाज पुरत नाही असं कधी होत नाही. कानाला ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. स्पीकरच्या भिंतीसमोर तास-दीड तास उभं राहिलात की रात्री कानात शिट्टी वाजणारच.

फोमचे बोळे घालायची पद्धत: बोटांत वळून अगदी बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि २०-३० सेकंद धरून ठेवा, तो फुगतो. नुसता कोंबलात तर अर्धा बाहेर राहतो आणि काही उपयोग नाही. फोमने झांजा-गिटारची धार जाते, म्हणून संगीतासाठी फिल्टरवाले मिळतात ते घ्या. नाकाला रुमाल बांधा, मैदानात धूळ फार.

निवांत_नळस्टॉप
गणपतीत लक्ष्मी रोडला उभं राहणाऱ्यांनाही हे वाटा कुणीतरी.

पहाटवारा
दिवाळी पहाटचा कुणी विषय काढला नाही. सहापर्यंत ध्वनिवर्धक बंद, म्हणून पत्रिकेत साडेपाच असलं तरी ते दीपप्रज्वलन आणि सत्कार. गाणं सहानंतर. ललत हा राग खरं तर उजाडायच्या आतला, तो इथे थोडा उशिराच भेटतो. अहिरभैरव, भटियार मात्र वेळेत येतात. बागेत हिरवळ ओली असते, सतरंजीखाली प्लॅस्टिक घाला.

मध्यलय
@पहाटवारा सत्कार पावणेसातपर्यंत चालतात हेही लिहा.

ओसरी
मला विचाराल तर घरगुती बैठक सगळ्यांच्या वर. माइक नसला की गायकाचा श्वाससुद्धा कळतो. करायची असेल तर: गायकाच्या मागे दीड-दोन फुटांवर भिंत हवी, मोकळी खिडकी नको. समोरच्या काचेच्या कपाटावर चादर टाका, नाहीतर तान परतून अंगावर येते. जमिनीवर सतरंज्या. पंखा बंद, कारण पाती फिरतात तसा तंबोऱ्याचा नाद थरथरतो. तंबोरे अर्धा तास आधी खोलीत आणून ठेवा म्हणजे तिथल्या हवेला रुळतात, आणि लोक येऊन बसल्यावर पुन्हा लावा, गर्दीने खोली तापते. जवारी (तारेची झणकार) उघडेना तर घोडीवरचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवून बघा. तारेचा आवाज एका जागी एकदम फुलतो, तिथे थांबायचं.

पेठेतला_पाहुणा
पंखा बंद आणि चाळीस माणसं? मे महिन्यात बोलवू नका म्हणजे झालं.

सिग्नलवर_उभा
गाडी लावायचं कुणी सांगेल का? मुकुंदनगरला फार हाल होतात.

बाल्कनी_बी
@सिग्नलवर_उभा गाडी आणूच नका. स्वारगेटपर्यंत मेट्रो २०२४ पासून आहे, पुढे रिक्षा. बालगंधर्वला छत्रपती संभाजी उद्यान स्थानक. परतीची शेवटची गाडी मात्र आधी बघून ठेवा, भैरवी तिच्यासाठी थांबत नाही.

चिंचगुळाची_आमटी
थर्मास नेणाऱ्यांनो, झाकण स्टीलचं नको. आलापात ते पडतंच पडतं आणि घरंगळत नेमकं पुढच्या रांगेत जातं.